त्रास नसला तरी लघवीची तपासणी हवीच
(महिला कर्मचाऱ्यांच्या सभेतील भाषण)



पगार, भत्ते, बदल्या यांवर आपण तासन्‌तास बोलतो. आजचा विषय मात्र आपण संकोचाने टाळत आलो आहोत: गरोदरपणात लघवीत होणारा जंतुसंसर्ग.

जळजळ झाली, ताप आला, की आपण दवाखाना गाठतो. पण १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण २ ते १० जणींच्या लघवीत जंतू असूनही त्यांना काहीच त्रास जाणवत नाही. या दिवसांत मूत्रनलिका सैलावतात, त्यांवर गर्भाशयाचा दाब पडतो आणि लघवी तुंबते. मग जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा, दिवस भरण्याआधीच बाळंतपण, कमी वजनाचे मूल, असे धोके त्यातून वाढतात.

हे टाळणे अवघड नाही. पहिल्याच तपासणीच्या वेळी लघवीचे कल्चर करायला सांगावे. पट्टी बुडवून केलेल्या तपासणीत काही संसर्ग निसटतात. म्हणून कल्चर करावे आणि जंतू आढळल्यास ७ दिवस औषध द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी व बाटली लगेच प्रयोगशाळेत द्यावी. औषध डॉक्टरांनी दिलेलेच घ्यावे आणि पूर्ण घ्यावे. दुकानातून परस्पर आणलेली गोळी पोटातल्या बाळाला अपायकारक ठरू शकते.

पण दोष केवळ आपल्या संकोचाचा नाही. फाटकावर, रुळांवर, टपाल वाटपाच्या फेरीवर आपल्यापैकी कितीजणी पाणीच पीत नाहीत, कारण जवळ संडास नाही! लघवी तासन्‌तास दाबून ठेवली, की संसर्गाला वाट मिळते. हा केवळ आरोग्याचा नाही, कामाच्या परिस्थितीचा प्रश्न आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत: प्रत्येक कामाच्या जागी पाण्यासह स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, खात्याच्या दवाखान्यांत प्रत्येक गरोदर स्त्रीचे कल्चर, आणि तपासणीसाठी रजा न कापता सवड. खात्याचा दवाखाना दूर असेल, तर दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत होणाऱ्या मोफत तपासणीचा लाभ घ्यावा.

बंधूंनो, घरी गेल्यावर हे पत्नीला, सुनेला, लेकीला सांगा. आणि प्रत्येक शाखेने पुढील सभेत तसा ठराव करावा, ही विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!