मोडीत घालण्याआधी झाकण उघडा

मी जुन्या चांदीच्या वस्तू जमवतो: हुक्का, सिगारेटची डबी, गुलाबदाणी. आपल्या इतवारीच्या सराफ्यात अशी डबी मोडीत घातली की नुसत्या वजनाचे पैसे मिळतात. नक्षी भट्टीत जाते. म्हणून आधी झाकण उघडा न, फोनचा कॅमेरा झूम करा. चालत्या सिंहाचा छाप दिसला तर ती इंग्लंडात तपासलेली ९२.५ टक्के चांदी. शेजारच्या अक्षरावरून साल काढता येतं. छाप नसला तरी घाई नको, आपल्याकडच्या जुन्या कामावर तो बहुतेकदा नसतोच. आणि हो, १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या कायद्यानुसार आपल्याला परदेशी पाठवता येत नाही. डबी कोणाची होती, हे आजीला आजच विचारा. नाव चिठ्ठीवर लिहून डबीतच ठेवा.