राबात जळतं काय, उरतं काय?

होळी सरली की महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत भाजावळ सुरू होते. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, ऐन-किंजळीचा कवळ म्हणजे तोडलेल्या पालेदार डहाळ्या, सुकं गवत, पालापाचोळा रचायचा, वर माती पसरायची आणि पेटवायचं. हा राब. शंभर किलो सुका पाला जळला, तर राख उरते साधारण पाच-दहा किलो. बाकीचं जातं कुठे? हवेत. कारण ते आलेलंच असतं हवेतून आणि पाण्यातून.

झाड कशाचं बनतं हे पाहायला बेल्जियमचे शास्त्रज्ञ व्हॅन हेल्मॉन्ट यांनी वाळुंजाचं रोप मोजून घेतलेल्या मातीत पाच वर्षं वाढवलं. झाडाचं वजन 164 पौंडांनी वाढलं, माती घटली जेमतेम दोन औंस. 1648 साली छापलेल्या ग्रंथात त्यांचा निष्कर्ष आहे: झाड पाण्याचंच बनतं. हवेचा वाटा त्यांच्या ध्यानात आला नाही.

हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड असतो चारेक भाग. तेवढाच वेचून, मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन, उन्हाच्या बळावर पान साखर बनवतं आणि प्राणवायू सोडतं. त्या साखरेतूनच पुढे लाकूड, पेंढा, भाताचा दाणा होतो. पेंढा बैल खातो, भात आपण खातो. आपल्या श्वासातून, कुजणाऱ्या शेणातून तोच कार्बन पुन्हा हवेत जातो आणि दुसरं एखादं पान तो उचलतं.

राखेत उरतं ते मातीचं देणं: पालाश, चुना, स्फुरद. इथला धुवांधार पाऊस उतारावरची माती धुऊन सावित्री नदीत नेतो. जंगलातली झाडं खोलवरून ही द्रव्यं वर ओढतात, पानांत साठवतात. राब म्हणजे डोंगराचं हे धन खाचरात आणणं. शिवाय तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते. जुन्या माणसांचा हिशेब कच्चा नव्हता.

पण पाल्यातलं नत्र बहुतेक धुरात जातं. कार्बन पुढच्या पावसाळ्यात नवी पानं परत आणतील. हवेतलं नत्र मात्र पानाला घेता येत नाही. ते काम वाल-पावट्याच्या, गिरिपुष्पाच्या मुळांवरल्या गाठींतले जिवाणू करतात. म्हणून बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा कोवळा पाला लावणीआधी चिखलात तुडवा. भातानंतर ओल असेल तिथे वाल टाका. आणि कवळ तोडायचाच झाला, तर ऐनाचा शेंडा राखा. पानंच उरली नाहीत, तर हवेतून कार्बन ओढणार कोण?