भार येण्यापूर्वी आधार

बतुकम्मेचा सण जवळ आला म्हणजे हैदराबादेत आणि भोवतालच्या तेलंगणात भोपळ्याच्या पिवळ्या फुलाला मोठा मान येतो. तरवड आणि कुरडू यांच्या जोडीला ते रचले जाते. त्याच्या गाभ्याची गौरम्माही मांडतात. परंतु जाणती गृहिणी वेलावरचे दिसेल ते फूल खुडीत नाही. ज्या फुलाच्या तळाशी इवलेसे फळ दिसते, ते मादीफूल ती राहू देते. लांब देठाचे नरफूल तेवढे घेते. त्यांतलीही काही मधमाश्यांसाठी मागे ठेवते. भोपळ्याची राखण येथूनच सुरू होते.

फळ धरले की त्याचे वजन हाच त्याचा वैरी ठरतो. वेल पेरापेरांवर मुळे सोडून जमिनीला बिलगतो. फळ फुगू लागले म्हणजे त्याचा खांदा वर उचलला जातो आणि देठाला ताण बसतो. म्हणून फळालगतच्या दोन पेरांची मुळे हलकेच सोडवून वेलाला सैलपणा द्यावा. मांडवावरच्या फळास जुन्या लुगड्याची झोळी बांधावी. तिचा भार मांडवाच्या लाकडावर यावा, वेलावर नव्हे.

दुसरा वैरी ओल. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला आलेला महापूर आणि 2020 च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टी हैदराबाद विसरलेले नाही. पावसाळी भोपळा याच सुमारास भरत असतो आणि ओल्या मातीवर टेकलेली त्याची बाजू कुजते. यासाठी फळ लहान असतानाच त्याखाली वाळू पसरून वर फळी ठेवावी. फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते. अळी आत शिरल्यावर उपाय चालत नाही. तेव्हा कोवळ्या फळास कागदी पिशवी घालावी व किडकी फळे खोल पुरावीत.

भोपळ्यांची स्पर्धा लावणाऱ्या परदेशी बागाइतांचीही रीत हीच. 2023 साली कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे 1,247 किलोंचा भोपळा तोलला गेला. तेथे वेलावर एकच फळ राखतात, त्यावर सावली धरतात आणि देठाला जिवापाड जपतात. आपल्याकडील जातींना तो आकार येणार नाही. नियम मात्र निराळा नाही.

देठासह काढलेला, शाबूत सालीचा पक्व भोपळा हवेशीर जागी कित्येक महिने टिकतो. देठ मोडलेला लवकर सडतो. चार महिन्यांचे कष्ट त्या बोटभर देठावर अवलंबून असतात. ताण दिसू लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा भार येण्यापूर्वीच आधार देणे, यातच बागाइताचे शहाणपण आहे.