गोगलगाईचे खाणे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की डिचोली तालुक्यातील पाळी गावी कुंपणाच्या दगडांवरून, केळीच्या बुंध्यांवरून गोगलगाई चालू लागतात. एखादा मुलगा त्यांतील एक उचलतो, ओली माती घातलेल्या काचेच्या बरणीत ठेवतो आणि घरच्या वडील माणसांस विचारतो, ‘हिला खायला काय द्यायचे?’

काकडीची चकती, दुधीची साल किंवा तांबड्या भाजीचे पान, स्वच्छ धुऊन, दिवेलागणीस द्यावे. कारण ही रात्रीची भोजनार्थी. उरलेले सकाळी काढून टाकावे. ‘गोगलगाय, पोटात पाय’ ही म्हण मराठीने कपटी माणसासाठी राखून ठेवली. पण खरा चमत्कार आहे तो हिच्या तोंडात. कानशीसारख्या जिभेवर हजारो सूक्ष्म दात असतात आणि त्यांनी ती पान खरवडून खाते. हुमणातले उरलेसुरले मात्र तिला कधीही घालू नये. मीठ तिच्या अंगातील पाणी शोषून घेते.

परंतु नुसत्या पाल्यावर शंख पोसला जात नाही. शंख चुन्याचा, आणि तो चुना खाण्यातूनच यावयाचा. इकडची जांभ्याची माती शतकानुशतकांच्या पावसाने धुपलेली. तिच्यात चुना अत्यल्प. म्हणून अंड्याची टरफले उकळून, वाळवून, कुटून ठेवावीत, नाहीतर समुद्रफेनाचा तुकडा ठेवावा. शाळेतील खडू पुष्कळदा जिप्समचा असतो. त्यावर विसंबू नये. शिंपले भाजून केलेला, एके काळी गोव्याच्या देवळांना आणि चर्चना लागलेला चुनाही नको, तो दाहक असतो. चुन्यावाचून शंखाची कड ठिसूळ होते, आणि भुकेली गोगलगाय शेजारणीचा शंखही खरवडू लागते.

हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. उंदरांपासून गोगलगाईत शिरणारा एक कृमी मेंदूच्या आवरणास सूज आणतो.

पाऊस सरल्यावर गावची गोगलगाय जिथून आणली तिथेच सोडावी. मोठ्या आफ्रिकन शंखीची गोष्ट निराळी. विल्यम बेन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १८४७ साली मॉरिशसहून त्या कलकत्त्यास आणल्या आणि चौरंगीतील एका बागेत त्या मोकळ्या सुटल्या. आज त्या देशाच्या अनेक भागांत पसरल्या आहेत. २०२२ साली लातूर, बीडकडील सोयाबीनची कोवळी रोपे शंखी गोगलगाईंनी फस्त केली. एक मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, असे म्हणणेही चूक. कारण यांत प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. अशी शंखी बरणीत पाळू नये, आणि कुळागरात तर मुळीच सोडू नये.