कलाशिक्षणाची वाट : बारावीनंतरची आणि बारावीआधीची



मध्यमवर्गीय मराठी घरातील मूल ज्या दिवशी ‘चित्रकलाच शिकायची आहे’ असे सांगते, त्या दिवशी घर काही काळ गप्प होते. चित्र काढण्याला कोणाचाच विरोध नसतो. दिवाळीची रांगोळी, गणपतीपुढची आरास, शाळेच्या स्पर्धेतले बक्षीस या सर्वांचे कौतुक त्याच घरात झालेले असते. शंका असते ती चित्रकलेवर आयुष्य उभे राहील की नाही याची. मग एक समंजस तोडगा निघतो : आधी एखादी पदवी पदरात पडू दे, चित्रकला मग आहेच. या तोडग्यातील उणीव पुढे चार वर्षांनी ध्यानात येते. पदवी येते, पाठोपाठ नोकरी येते; आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कागदासमोर बसण्याची चार वर्षे त्यानंतर फार थोड्यांना मिळतात. ‘मग’ म्हणून ठेवलेली चित्रकला बहुधा रविवारची होऊन राहते.

इंदूरकरांनी तरी ही शंका फार ताणू नये, कारण या शहराचा अनुभव वेगळा आहे. 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी येथे चित्रकलेची शाळा उभी केली. 1910 साली इंदुरातच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्या शाळेत घडले. देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि टाकाऊ वस्तूंतून नवे आकार शोधणारे विष्णु चिंचाळकर गुरुजी हेही देवळालीकरांचेच विद्यार्थी. बेंद्र्यांच्या वाटचालीत आजच्या पालकांनी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची पायरीपायरीने झालेली आखणी. गावच्या शाळेत पाया पक्का झाला, त्यावर मुंबईची शासकीय कला पदविका मिळाली, पुढे वर्षानुवर्षांची भ्रमंती आणि चित्रण झाले. 1950 साली वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली तेव्हा चित्रकला विभागाची धुरा याच इंदूरकराकडे गेली. सय्यद हैदर रझा यांचा क्रमही असाच आहे. मध्य प्रांतातील खेड्यातून आलेला हा मुलगा आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकला, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. पहिल्याच उडीत मोठी संस्था गाठली पाहिजे, हा आजचा हट्ट या दोघांच्याही चरित्रांत आढळत नाही.

या ठिकाणी कोणीतरी मकबूल फिदा हुसेन यांचे नाव काढतेच : त्यांनी कुठे पदवी घेतली होती? त्यांचे रीतसर शिक्षण थोडे झाले हे खरे. इंदूरच्या कलाशाळेतील सायंवर्ग एवढीच त्याची सुरुवात. परंतु मुंबईत शिडीवर उभे राहून सिनेमाचे अवाढव्य फलक रंगविण्यात त्यांची जी वर्षे गेली, तीही उमेदवारीच होती. ती उमेदवारी पत्करण्याची तयारी नसताना केवळ त्यांचे नाव पुढे करणे सोयीचे असते, इतकेच.

खरी अडचण अशी की या शिक्षणाची आखणी बारावीच्या निकालानंतर सुरू होते. ती दहावीनंतरच्या उन्हाळ्यात व्हायला हवी. ललितकलेच्या पदवीला बारावी उत्तीर्ण असणे पुरते. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा चालते. ‘चित्रकलाच करायची तर गणित कशाला?’ असे म्हणून मूल गणित सोडते, आणि वास्तुकलेचे दार आपल्या हाताने लावून घेते. त्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीचे गणित लागते. ज्या मुलाचा कल इमारती, अवकाश, घरांच्या रचना यांकडे आहे, त्याने हा निर्णय सोळाव्या वर्षी घाईने घेऊ नये. ज्याला फक्त रंग आणि माती हवी आहे, त्याच्या माथी गणित मारण्यातही अर्थ नाही. कल कोणता, हे ओळखायला घरातल्या मोठ्यांनी त्याच्या वह्या चाळल्या पाहिजेत; गुणपत्रिका येथे फार काही सांगत नाही.

दुसरी गफलत वेळापत्रकाची. चित्रकला आणि अभिकल्प, म्हणजे ज्याला सर्वत्र डिझाइन म्हणतात ते, या दोन वाटा जवळून जात असल्या तरी एक नाहीत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 सालची, आय.आय.टी. मुंबईमार्फत घेतली जाणारी यूसीड ही प्रवेशपरीक्षा 2015 पासूनची. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात आणि परीक्षा जानेवारीत होते. शिवाय ती लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते. म्हणजे बारावीचे वर्ष अर्धे सरते न सरते तोच तिची वेळ येते. निकालानंतर चौकशीला निघालेल्या मुलाचे अख्खे वर्ष तेथेच जाते. ललितकला महाविद्यालयांच्या प्रवेशचाचण्या बहुधा उन्हाळ्यात होतात, पण प्रत्येक संस्थेची रीत निराळी आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबणे धोक्याचे. मुंबईची जे. जे. कलाशाळाच पाहावी : 1857 साली स्थापन झालेल्या या संस्थेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तिथली जुनी माहिती जुनीच ठरली.

चाचणीत काय पाहतात? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द शाळेपासून परिचित आहेत. परीक्षकाला हात किती सफाईदार आहे याइतकेच मूल काय पाहते हेही हवे असते. छायाचित्रावरून उतरवलेली नटनट्यांची गुळगुळीत चित्रे नातेवाइकांना फार आवडतात. परीक्षकांना ती काहीच सांगत नाहीत. त्याऐवजी रेखाटनवही खिशात घालून मुलाने राजवाड्यासमोर बसावे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खजुरी बाजारातील पुस्तकांचे ढीग, रात्रीच्या सराफ्यात जिलबी तळणाऱ्याची पाठ आणि कोपर, हे रेखाटावे. दिवसाला पाच रेखाटने दोन वर्षे केली तर साडेतीन हजार होतात. त्यांतील तीस चांगली निघाली तरी दाखविण्याजोगा संग्रह तयार झाला. हे शहर त्यासाठी शिकवणीची फी मागत नाही.

संस्था निवडताना इमारत आणि नाव यांच्याआधी कार्यशाळा पाहाव्यात : मुद्रणयंत्रे चालू आहेत का, शिल्पासाठी भट्टी आहे का, विद्यार्थी संध्याकाळी काम करत थांबतात का. दादासाहेब फाळके जे. जे. मधून वडोदऱ्याच्या कलाभवनात गेले. सयाजीरावांनी 1890 मध्ये स्थापिलेल्या त्या संस्थेत कला आणि उद्योग यांची सांगड होती. फाळक्यांनी तेथे छायाचित्रणासारखी तंत्रे आत्मसात केली, पुढे मुद्रणाचा व्यवसाय केला; 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे या साऱ्या कारागिरीचे बळ होते. इंदूर, ग्वाल्हेर आणि धार येथील शासकीय संस्थांकडे ‘घराजवळच्या’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. लोकमान्यांचा गिरगाव चौपाटीवरील पुतळा घडविणारे रघुनाथ कृष्ण फडके धारेलाच स्थायिक झाले होते. पदवी जवळ करून पदव्युत्तर शिक्षणासाठी वडोदरा, शांतिनिकेतन किंवा मुंबई गाठणे, हा मध्यम मिळकतीच्या घराला झेपणारा क्रम आहे. चार वर्षांचे परगावचे वसतिगृह दोन वर्षांवर येते. आणि रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च फीच्या रकाण्यात कधीच दाखवलेला नसतो, तो भागवायला थोडी शिल्लक राहते.

एका वर्गाच्या मुलांचा विचार मात्र कोणीच करत नाही. त्यांचा हात मध्यम असतो, पण नजर तीक्ष्ण असते, वाचन असते, दोन चित्रांतला फरक त्यांना शब्दांत सांगता येतो. अशांसाठी वडोदऱ्याला कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र हे स्वतंत्र विभाग आहेत. अयशस्वी चित्रकारांची ती धर्मशाळा नव्हे. चित्रांची पारख, नोंद, जतन आणि त्यांच्यावरील लेखन ही स्वतंत्र विद्या आहे, आणि मराठीत ती जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाबूराव सडवेलकरांचे ‘वर्तमान चित्रसूत्र’ किंवा शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड ज्या मुलाने आपण होऊन घरी नेला, त्याच्या पालकांना ग्रंथपालांनी थोडे थांबवून बोलावे.

वाचनालयाला यात फार खर्चाचे काही करावे लागणार नाही. वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी एक जाड फाईल असावी. तीत प्रत्येक संस्थेचे चालू वर्षाचे माहितीपत्रक, अर्जाची अंतिम तारीख, वसतिगृहाचा खर्च आणि शिष्यवृत्त्यांचे नियम असावेत. मागच्या दोन-तीन वर्षांत जी मुले बाहेर शिकायला गेली, त्यांनी सुटीत घरी आल्यावर आपल्या चाचणीचे प्रश्न आठवून तीत लिहून ठेवावेत. आणि ही फाईल गणेशोत्सव आटोपताच, ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी, नव्याने लावलेली असावी.