दुसरी प्रत, दुसरी किल्ली

कोड स्पेसेस या कंपनीचा धंदाच मुळी दुसऱ्यांचं काम सांभाळण्याचा होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपला माल तिच्याकडे ठेवायचा आणि तो जपायची काळजी कंपनीनं वाहायची. तिचा स्वतःचा सगळा पसारा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. जून २०१४ मध्ये तिच्या सर्व्हरवर खोट्या मागण्यांचा भडिमार सुरू झाला, आणि पाहतात तो ॲमेझॉनच्या खात्यातच कुणीतरी खंडणीचा निरोप ठेवलेला. म्हणजे चोर दारावर धडका मारत नव्हता, तो आधीच आत बसला होता. कंपनीनं घाईनं पासवर्ड बदलले. पण त्यानं आत यायच्या आणखी वाटा करून ठेवल्या होत्या. आपल्याला हुसकून लावताहेत हे दिसताच त्यानं एकेक गोष्ट पुसायला घेतली. बारा तासांत बहुतेक डेटा गेला, बॅकअपही गेले आणि कंपनीला कामकाज गुंडाळावं लागलं.

या सगळ्यात ॲमेझॉनची यंत्रणा कुठेही फुटली नव्हती. खात्याची किल्ली चोराच्या हाती लागली, आणि बॅकअपच्या बहुतेक प्रतीही त्याच किल्लीनं उघडणाऱ्या होत्या.

क्लाउड म्हणजे शेवटी कुणाचे तरी संगणक. मायक्रोसॉफ्टचं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत. तिथली जागा आणि ताकद उद्योजक भाड्यानं घेतो. बाजारातल्या भाड्याच्या गाळ्यासारखाच हा व्यवहार. इमारतीचा रखवालदार, वीज, आग विझवायची सोय हे मालकानं पाहायचं. शटरला कुलूप लागलं का आणि गल्ल्याची किल्ली कुणाकडे, हे दुकानदारानं. क्लाउड कंपन्यांच्या करारात ही वाटणी स्पष्ट लिहिलेली असते. करार वाचायचा कंटाळा मात्र सगळीकडे सारखाच.

अर्थात चूक मालकाकडूनही होते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद सुमारे आठवडाभर आपलं खातं पाहू शकत नव्हते. हल्ला वगैरे काही नव्हता. गूगलकडे या निधीची व्यवस्था उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे यंत्रानं आपणहून एका वर्षाची मुदत धरली आणि मुदत संपल्यावर ती व्यवस्था पुसून टाकली. युनिसुपरनं दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण गूगलकडचं वर्गणीचं खातं एकच असल्यानं दोन्हीकडचं एकदमच गेलं. निधी तरला त्यात आणखी एका, वेगळ्या सेवादाराकडे ठेवलेल्या बॅकअपचा वाटा होता.

कोड स्पेसेस बुडाली आणि युनिसुपर वाचली, त्यातला एक मोठा फरक हाच. प्रती किती आहेत यापेक्षा एका खात्यावरचं संकट किती प्रतींपर्यंत पोहोचतं, हे पाहायला हवं. निदान एक प्रत अशी हवी की तिचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा आणि शक्य तर कंपनीही वेगळी. शिवाय ठरावीक मुदतीपर्यंत ती कुणालाच, अगदी मालकालाही, पुसता येऊ नये. अशी सोय आज बहुतेक मोठ्या क्लाउडवर मिळते. ती सुरू करायचं राहून जातं.

‘आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो, तेव्हा अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची हकिगत आठवावी. २०१९ मध्ये या बँकेच्या क्लाउडवरून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. डेटा तिथेही एन्क्रिप्टेड होता. पण फायरवॉलची मांडणी चुकली होती, आणि त्या फायरवॉललाच फायलींचं भांडार वाचायचा अधिकार देऊन ठेवलेला होता. चोरानं तो अधिकार उसना घेतला. अधिकार बरोबर असल्यानं माहिती त्याला उलगडूनच मिळाली. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. आपल्याकडच्या लहान कंपन्यांत तर मालक, हिशेबनीस आणि बाहेरून येणारा संगणकवाला असे तिघेही एकच ‘ॲडमिन’ खातं वापरताना दिसतात. ज्याला फक्त बिलं करायची, त्याला फक्त बिलांपुरताच हात पोहोचावा, आणि प्रत्येकाच्या लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरी खूण हवीच.

साठवलेल्या माहितीपेक्षा चालत्या व्यवहारांचं दुखणं नाजूक असतं. जुन्या यंत्रणेवरून क्लाउडवर जाण्याच्या रात्री काही पावत्या इकडे असतात, काही तिकडे. मध्येच लाइन तुटते, सॉफ्टवेअर तोच व्यवहार पुन्हा पाठवतं आणि एकाच गिऱ्हाइकाच्या नावे दोनदा रक्कम पडते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असावा आणि तो क्रमांक पुन्हा आला तर नव्या यंत्रणेनं नोंद न करता आधीचंच उत्तर द्यावं. काही दिवस दोन्ही यंत्रणा बरोबरीनं चालवून रोज संध्याकाळी ताळा जुळवावा. नोंदींची संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. एकूण रकमा आणि एकेका गिऱ्हाइकाची बाकीही जुळायला हवी.

ताळा जुळवण्याची गरज पुण्यानं फार महागात शिकली आहे. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, कॉसमॉस बँकेच्या खात्यांवर २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. एरवी एटीएमची मागणी स्विचमधून बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि खात्यात शिल्लक असेल तरच होकार येतो. चोरांनी मध्येच खोटा स्विच बसवला होता. तो मुख्य यंत्रणेला न विचारता परस्पर होकार देत होता. सोमवारी हाँगकाँगकडे आणखी सुमारे १४ कोटी वळवले गेले; एकूण फटका ९४ कोटींचा. हे क्लाउडमुळे घडलं असं मुळीच नाही. पण दोन यंत्रणांच्या सांध्यात बसलेला लबाड दूत काय करू शकतो ते यात दिसतं, आणि क्लाउडवर गेल्यावर असे सांधे वाढतातच. दोन्ही टोकांच्या नोंदी दर काही मिनिटांनी आपोआप ताडून पाहिल्या, तर तफावत सोमवारची वाट पाहत नाही.

सांधा दुसऱ्याच्या घरातही असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला. लहान सहकारी आणि ग्रामीण बँका तिच्या यंत्रणेवर चालतात. देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला त्या जाळ्यातून तोडलं आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. ज्यांची चूक नव्हती त्यांचंही काम मात्र तेवढा वेळ थांबलं.

कायद्यानंही आता काही गोष्टी बांधून दिल्या आहेत. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या त्याच वर्षीच्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तास म्हणजे मीटिंग बोलावण्यातच निघून जाणारा वेळ. कुणी कळवायचं, सेवादाराकडच्या कुठल्या माणसाला उठवायचं, बॅकअप कोण परत चढवणार, हे कागदावर लिहून ठेवावं आणि वर्षातून दोनदा खरोखर करून पाहावं. कागदावर म्हणजे छापील कागदावर. क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली ती यादी नेमकी त्या दिवशी उघडणार नाही.