जुना म्यूझिक स्टँड

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून व्हायोलिन ही पूर्वी केवळ हौस नव्हती. चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन वाचून गाण्याची विद्या मिळे; माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अशाच परंपरेतून मुंबईच्या चित्रपटसंगीतात संयोजक म्हणून नावारूपास आले. स्वरांचे कागद समोर धरणारा लाकडी स्टँड अशा घरांत असे. आता तो जुन्या सामानाच्या दुकानात आढळतो आणि गिऱ्हाईक कोरीवकामावर भाळते.

पाहावयाचा तो त्याचा स्क्रू. दांडा पूर्ण उंच करून फळीवर जाड पुस्तक ठेवावे. थोड्या वेळात दांडा खाली सरकला, तर आटे झिजले असे समजावे. जुन्या फळीला नवे पाय जोडूनही विक्री होते. म्हणून दोन्हींचे लाकूड खालच्या अंगाने ताडून पाहावे. पायाशी ताजी भुकटी पडत असल्यास कीड जिवंत असण्याचा संभव असतो. असा स्टँड, कितीही देखणा असो, घरातील पियानोशेजारी नेऊ नये.

जुने पॉलिश खरवडणे हा तर निव्वळ अत्याचार. कोरडे मऊ फडके पुरते. पावसाळ्यात ओलसर भिंतीपासून तो हातभर दूर असावा. उभ्याने वाजवणाऱ्याची मान वाकू नये, इतक्या उंचीवर पान यावे. फुलदाणीसाठी मात्र बाजारात तिवया पुष्कळ मिळतात.